वायरीभोवतीची ओल

४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी तापले की आवाज तुटतोय असं सांगून तू ठेवून देतोस. पत्र काही मधेच तोडता येणार नाही.

तर ऐक. माझ्या शिवणाच्या टेबलामागच्या भिंतीला ओल आली आहे. मार्चमध्ये तू इंटरनेटची वायर आत घेतलीस ना, बरोबर तिच्याभोवती. आधी बशीएवढा डाग होता, आता ताटाएवढा झालाय. रंगाचे पोपडे मशीनवर पडतात. काल एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शुभ्र कापडावर पिवळा ओघळ उमटला. मला ते धुऊन, इस्त्री करून, वर माफी मागून द्यावं लागलं. माफी, मी! वीस वर्षांत माझ्या शिवणीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

इंटरनेटवाला आला, दारातूनच बघून भिंत त्यांच्याकडे येत नाही म्हणाला. रंगारी म्हणाला एक हात मारू, झाकून जाईल. इमारतीचे सेक्रेटरी तर म्हणाले, पावसाळ्यात एवढं चालायचंच. यांच्या बैठकीच्या खोलीत चालेल का एवढं? जो येतो तो हनुवटी खाजवतो आणि दुसऱ्याचं नाव सांगतो. फक्त वरची नर्सबाई, चारचा चहा घेऊन रोजच्यासारखी खाली आली, ती म्हणाली, घाई नको, पाणी कधी येतं ते दोन दिवस बघू. पण मला धीर आहे कुठे?

तू तीस वर्षं मुरलेला इलेक्ट्रिशियन. तूच काय ते सांग.

तुझ्या उत्तराची वाट बघत, भिंतीकडे डोळे लावून बसलेली,
ताई

१० ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षरावरूनच पारा किती चढलाय ते कळलं. तुझी भावजय आणि मी दोघंही ते वाचून हसलो, रागावू नकोस.

एक गोष्ट आधीच सांगतो. माझ्या कामातून पाणी येणं शक्य नाही. भोक मी आतून पुट्टीने असं बुजवलंय की सुई शिरायची नाही. ओल वरून उतरते. नर्सबाईंचं न्हाणीघर बरोबर त्याच भिंतीवर आहे, म्हणजे त्यांची फरशी गळतेय. न बघता लिहून देतो. आणि दोन दिवस बघू म्हणणाऱ्यांचं मला चांगलं माहीत आहे, तोवर पावसाळा सरतो आणि सगळे हात झटकतात. भीड धरू नकोस, चारचौघांत विचार.

मार्चमधलं आपलं बोलणं मी विसरलोय, तूही विसर. तरी डोळे तपासून घे. मशीन बंद करून आमच्याकडे राहायला ये म्हटलं त्यात वाईट काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

रागातही आठवण काढतेस, तेवढं असंच चालू ठेव.
तुझा,
धाकटा

२२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी इमारतीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवलं. न बघता लिहून देतो, हे वाक्य दोनदा वाचलं. हात झटकण्याचंही वाचलं. नर्सबाईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवसापासून चारचा चहा बंद. गळती हिची आणि फुगून बसणारही हीच, म्हणून मी आणखी चिडले. तेवढ्यात वर घाव सुरू झाले. तिने गवंडी बोलावून अख्ख्या न्हाणीघराची फरशी उखडली. तीन दिवस माझ्या डोक्यावर हातोडा. चौथ्या दिवशी गवंडी खाली येऊन सांगून गेला की फरशीखाली सगळं कोरडं ठणठणीत आहे, नळही कुठे गळत नाही.

काल पाऊस पडला तेव्हा मी टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले. या गुडघ्यांनी! थेंब वायरीवरून चालत आत येत होते. एक जमिनीवर पडला, की मागे दुसरा तयार. पुट्टी ओली चिंब होऊन सुटलेली. वरून काही नाही. पाणी बाहेरून येतंय, तुझ्या भोकातून.

बाबा गेले त्या वर्षी त्यांना रोज इंजेक्शन द्यायला कोण येत होतं, आठवतं ना? तिला मी भर सभेत दोषी ठरवलं, तुझ्या कागदाच्या जोरावर. आता खरं लिही. तू मार्चमध्ये काय करून ठेवलंस?

या वेळी लोभाबिभाचं नंतर बघू.
ताई

२९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय.

भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं असतं, म्हणजे पाणी बाहेरच राहतं. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. पण तू टेबलाला हात लावू देईनास. पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून मशीन जुळवलंय, हललं तर खडखडेल, म्हणून. मग मी टेबलाखाली उकिडवा बसून ड्रिल वर तिरकं धरलं. भोक आतल्या बाजूला उतरतं झालं. त्याच वेळी कळलं होतं मला.

म्हटलं, हरकत नाही. बाहेरून सिमेंट भरू, वायर भोकाखाली झोळीसारखी सैल सोडू, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतील. ते काम सकाळी करणार होतो. संध्याकाळी मशीनवरून आपलं वाजलं आणि मी रागाने पिशवी उचलून निघालो. बाहेरचं भोक उघडंच राहिलं. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच ते उघडं भोक आठवलं होतं. तरी नर्सबाईंचं नाव लिहिलं. तीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन ना मी! लाज वाटते.

आशीर्वाद मागायचं तोंड नाही. तरी मागतो.
धाकटा

६ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (सवयीने लिहिलं. हुरळून जाऊ नकोस.)

तुझं पत्र मी सभा बोलावून वाचलं. लाज वाटते, हे दोनदा वाचलं. टेबलाचा माझा हट्टही वगळला नाही. मग सगळ्यांसमोर नर्सबाईची माफी मागितली.

ती काय म्हणाली ऐक. पहिल्याच दिवशी तिने वरच्या खिडकीतून वाकून ते उघडं भोक बघितलं होतं. तुझं नाव घेण्याआधी एकदा पाऊस पडताना खात्री करायची आणि मगच चहाच्या वेळी मला हळूच सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. नेमकी पावसाने आठवडाभर दडी मारली आणि त्याआधीच मी सभा घेतली. मग फरशी कशाला फोडलीस, असं विचारलं. तर म्हणाली, ओल शोधायला नाही फोडली. तुझ्या डोक्यावर एकेक घाव ऐकू यावा म्हणून फोडली.

धाकट्या, रविवारी शिडी घेऊन ये. आधी वर जायचं, मग भोकाचं काम. गवंड्याच्या हाताखाली तिची फरशी तू स्वतः बसवायचीस. राग कायम आहे आणि माया काही कमी होत नाही, दोन्ही घेऊन ये.

तोवर ती आंघोळीला खाली येते. येते, जाते, बोलत नाही. टेबल मी भिंतीपासून ओढलंय, मशीन खडखडतंय. आज जाताना ती दारात थांबली, परत आली, पुठ्ठ्याची घडी करून खाली वाकून टेबलाच्या पायाखाली सरकवली. खडखड थांबली. चहा मात्र घेतला नाही.

ताई