एक काना जास्तीचा

७ जानेवारी १९६३, सोमवार
रोजनिशी एक तारखेलाच सुरू करणार होतो. सातही वाईट नाही.
आज मुंबईचे साहेब न कळवता बोटीने मालवणला उतरले. माझी बोटीच्या बुकिंगची खिडकी बंद. मी मासळीबाजारात पेडवे घेत होतो. इतके ताजे पेडवे रोज येत नाहीत, तेव्हा दोष असलाच तर पेडव्यांचा. शिपाई बाबलीने साहेबांना खुर्ची दिली, शहाळं दिलं. मी पोचलो तेव्हा साहेब शेरेबुकात लिहीत होते. माझ्या ठिबकणाऱ्या पिशवीकडे बघूनही काही बोलले नाहीत. माणूस घरंदाज.
शेरा इंग्रजीत, तीनच शब्द. 'क्लार्क मस्ट इम्प्रूव्ह.' बोटीकडे नेणारा पडाव सुटत होता म्हणून पुढचं राहिलं असावं.
मला पर्मनंट करायचं की नाही, हे पावसाआधी बोटींचा सीझन संपताना याच शेऱ्यांवर ठरणार आहे. सहा वर्षं टेंपररी आहे. सासरे दाजी (फोंडाघाट, भुसारी दुकान) मला लग्नापासून पर्मनंट समजतात, कारण मीच तसं सांगितलं होतं. हरिश्चंद्र नावाचा माणूस खोटं बोलेल असं कोणाला वाटणार? आणि तेव्हा ते जवळजवळ खरं होतं.

८ जानेवारी
शाळेतल्या परशुराम मास्तरांना इम्प्रूव्हचा अर्थ विचारला. म्हणाले, 'सुधरणे. क्लार्कने सुधरलं पाहिजे.' मास्तर बोलताना काने खातात. घरी येऊन मी शुद्ध करून लिहिलं. क्लार्कने सुधारलं पाहिजे.
आता प्रश्न एवढाच. कोणाला?

९ जानेवारी
उत्तर दाढी करताना सापडलं. साहेबांनी नाव घातलं नाही, म्हणजे सगळ्यांनाच. केवढा विश्वास! यादी केली. बाबली, रुक्मिणी, आणि वेळ उरल्यास मालवण बंदर.
बाबली पन्नाशीचा, शिक्षण चौथी. उद्यापासून त्याला रोज इंग्रजी. रुक्मिणीला जेवताना सांगितलं की मी तुला सुधारणार आहे. बायको म्हणाली, 'माका मगे सुधारा. आधी न्हाणीवरलो नळो सुधारा.' कौल फुटून महिना झाला हे खरं. तिचं नाव यादीतून तूर्त खोडलं. नळा उद्या.

१५ जानेवारी
नळा राहिला. बाबली झेड उलटा काढतो. फळ्यावर दाखवायला गेलो तर माझाही उलटा निघाला. खडू हलक्या प्रतीचा आहे.

२ फेब्रुवारी
बाबली तिकिटावर रत्नागिरी, मुंबई इंग्रजीत लिहायला लागला. सराव व्हावा म्हणून अख्खी खिडकीच त्याला दिली. मी मागे बसून देखरेख करतो. डोळे मिटून जास्त चांगली होते.
हजेरीपटावर उशिरा येणाऱ्यापुढे 'लेट' कसं लिहायचं तेही शिकवलं. एल, ए, टी, ई. तो म्हणाला, 'हयसर लेट कोण येता, हरीभाऊनू? मी सातांक हजर आसतंय.' म्हटलं, शब्द माहीत असलेला बरा.

२० फेब्रुवारी, दुपारी
फार मोठी गोष्ट घडली. वाचनालयात डिक्शनरी उघडली. इम्प्रूव्ह. त्यापुढे स्वच्छ छापलंय, व्ही. टी.!
दोनदा वाचलं. म्हणजे मुंबईला, व्ही. टी.च्या ऑफिसात! साहेबांना उघड लिहिता येईना म्हणून असा शब्द शोधून वापरला. पुढे 'व्ही. आय.' असंही आहे. ही छपाईतली चूक. शेवटचा पी गळलाय.

२१ फेब्रुवारी
बदलीचं फक्त रुक्मिणीला सांगितलं. आणि सलूनमध्ये.

६ मार्च
दाजींना मागच्या आठवड्यात पत्र टाकलं होतं. 'पर्मनंट तर होतोच, आता मुंबई.' मेमध्ये निरोप द्यायला येतो म्हणून उत्तर आलं.
नळ्याचा प्रश्न आपोआप सुटला. मुंबईला जाणाऱ्याने मालवणातला नळा कशाला बसवायचा?

११ एप्रिल
तारकर्लीच्या सावित्रीमावशीने गिरगावातल्या मुलासाठी सुके बांगडे आणून दिले. तिचं बघून आणखी सात जणांनी. सोलं, कुळथाचं पीठ, एक उशी. घरात बसायला जागा नाही. गल्लीतली सगळी मांजरं आमच्या पायरीवर असतात.
रुक्मिणी विचारते, 'ऑर्डर खंय आसा?' म्हटलं, डिक्शनरीत. तिने कपाळाला हात लावला. आनंदाने असावा.

१० मे
साहेब आले. या वेळी खिडकी उघडी! बाबली तिकिटं फाडत होता, रांग सरळ. मी जरा मागाहून पोचलो. व्ही. टी.ला लागेल म्हणून कोट शिवायला टाकलाय, त्याचं माप राहिलं होतं.
शेरा, 'प्यून मच इम्प्रूव्ह्ड. क्लार्क नो इम्प्रूव्हमेंट.' पहिलं वाक्य माझ्या मेहनतीचं कौतुक. दुसऱ्यात नो म्हणजे नंबर, ट्रंकेवर नो. १, नो. २ लिहितात तसा. आकडा घालायचा राहिला. एकच असणार.

१६ मे
टपालाने हुकूम आला. बुकिंग आजपासून बाबलीकडे. मी आणखी एक सीझन टेंपररी, बाबलीच्या देखरेखीखाली.
डिक्शनरीतली पानं उतरवून परशुराम मास्तरांकडे गेलो. ते हसले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, व्ही. टी. म्हणजे सकर्मक क्रियापद, दुसऱ्याला सुधारणे. व्ही. आय. म्हणजे अकर्मक, आपण सुधरणे. साहेबांच्या वाक्यात कर्म नाही. म्हणजे ते कोणतं, असं मलाच विचारलं.
मी तडक निघालो. छत्री तिथेच विसरलो.

१७ मे
दाजी आले. खांद्यावर फणस, मुंबईला न्यायला. सरळ बंदरावर गेले आणि खिडकीत बाबली दिसला. घरी आल्यावर मी खाली मान घालून सगळं सांगितलं, अगदी लग्नापासूनचं. फार लाज वाटली. सहा वर्षांत एवढं खरं एका दमात कधी बोललो नव्हतो.
दाजी फणस उतरवून म्हणाले, 'माका सगळा ठावक होता. लग्नाआधीच बंदरार इचारलंय. वाटला, पोरगो बरो आसा, सुधरतलो.'
काना नव्हता. या वेळी नीट ऐकलं.

१८ मे
आठही घरी बांगडे, सोलं, पीठ, उशी परत केली. सावित्रीमावशीने बांगडे मोजून घेतले. मांजरं परत गेली नाहीत.

२० मे, सोमवार
पहाटे उठून न्हाणीवरचा नळा बसवला. रुक्मिणी खाली शिडी धरून होती. चहात साखर जास्त होती.
त्यामुळे ऑफिसला बारा मिनिटं उशीर. सहा वर्षांत पहिल्यांदा कारण खरं होतं. ते सांगणार, तोवर बाबलीने हजेरीपट पुढे सरकवला. माझ्या नावापुढे इंग्रजीत एक शब्द लिहिला होता.
स्पेलिंग तपासलं. बरोबर आहे.