डाव्या बाजूची कोरडी जागा

अब्बा, आज घोडीचं खोगीर उतरवलं आणि फडकं खांद्यावर तसंच राहू दिलं. आधी पाहायचं, मग पुसायचं, ही तुमची शिस्त अजून हातात आहे. फक्त पाहून झाल्यावर सांगायचं कोणाला, हे कळत नाही.

ती तुमच्याच हाताखाली तयार झालेली. पर्यटकांच्या घोड्यांबरोबर पॉइंटवर जाता-येता तुम्हीच तिच्यावर बसायचात, आणि संध्याकाळी तिला स्वयंपाकघराच्या दारासमोर बांधायचात. एकदा तिच्या मानेवर पांढरा फेस पाहून मी म्हणाले, "आज किती काम केलंय हिनं!" तुम्ही माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलंत. "फेसाला भुलू नगंस. पावसाळाभर उभी व्हती, दम न्हाई राह्यला, म्हनून साबनावानी घाम. पान्यासारखा निथळला आन चटकन सुकला, की समजायचं घोडी तयार." मग माझा तळहात धरून तिच्या पाठीवरून फिरवलात. उजवीकडे सगळं ओलं. डावीकडे, खोगिराखाली, चपातीएवढी कोरडी जागा, तिथलं मांसही जरा बसलेलं. "हे माजं लंगडनं," तुम्ही हसलात. तुमचा डावा पाय अधू, सगळा भार उजव्या रिकिबीत टेकलेल्या पायावर. "मी तिरका बसतो, मंग तीबी तशीच चालाया शिकली. डावी बाजू वापरतच न्हाई." आतून अम्मी म्हणाली, "घोडीचा घाम बघत्यात बापलेक. हितं चुलीम्होरं माजा निथळतोय, त्यो कुनी बघंना!" तुम्ही तिथूनच ओरडलात, "तुजा बघाया लागत न्हाई, तू तयारच हाईस!"

तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. घोडी चुलत्यांकडे गेली आणि तशीच तिरकी फेऱ्या मारत राहिली. पदवी झाल्यावर मी मळवलीच्या घोडेस्वारी शाळेत नोकरी धरली. चुलते तिला विकायला निघाले, तेव्हा मीच शब्द टाकून तिला इथे आणलं. शाळा चालवणाऱ्या मॅडमनी तिला चालताना पाहिलं आणि म्हणाल्या, "ही वाकडी चालते. मुलं हिच्यावर तिरकीच बसायला शिकतील. सरळ कर, नाहीतर परत पाठवावी लागेल." मला ते पटलं. आजही पटतं. तो वाकडेपणा तिलाच जाचत होता.

मग रोज चढावर हळू चालवणं, जमिनीवर ठेवलेल्या बांबूंवरून नेणं, डावीकडे गोल फिरवणं. खोगीर काढलं की पाठ पाहायची. चपातीएवढी जागा पुरीएवढी झाली, मग रुपयाएवढी. घरी येऊन मी अम्मीला सांगते. ती "बरं झालं" म्हणते आणि भाजी चिरत राहते. घोडीचा विषय तिला आता सोसत नाही. घरात तुमचा एकच फोटो आहे, छातीपर्यंतचा. तुम्ही बसायचात कसे, हे फक्त त्या पाठीला ठाऊक होतं.

आज घाम पाण्यासारखा होता, दोन्हीकडे सारखा. मॅडमनी पाठ थोपटली, तिची आणि माझीही. "राहिली ही इथंच," म्हणाल्या. मी हसले. आनंद खरा होता.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते, अब्बा. मॅडम गेल्यावर मी डाव्या बाजूवरून पुन्हा पुन्हा तळहात फिरवला. एवढीशी तरी जागा कोरडी लागावी, असं मला वाटत होतं.