डाव्या दारातला आवाज

प्रिय खारूताई,

परवा फोनवर मी "गाडी आली गॅरेजमधून" एवढंच म्हणालो आणि नेमकी तुझ्या दाराची बेल वाजली. गाडीचा विषय निघाला की हल्ली ती वाजतेच. असो. पत्र मध्येच कापता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

गाडी देखणी होऊन आलीय. डावं दार नवं, आणि रंग इतका बेमालूम जुळलाय की शेजारचे मास्तर दोन फेऱ्या मारून गेले तरी त्यांना जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं ते कळलं नाही. पण पहिल्याच दिवशी दुकानातून घरी येताना सिग्नलला ब्रेक दाबला आणि कुठूनतरी आवाज आला, गर्र... टक्. निघालो, तर पुन्हा गर्र... टक्. जणू कुणी गाडीत लपून गोट्या खेळतंय. तुला माहीतच आहे, माझा जन्म लोकांचे डोळे तपासून चष्मे देण्यात गेला. कानांच्या बाबतीत मी अगदीच ढ. मी ठरवूनच टाकलं, आवाज चाकाखालून येतोय.

गॅरेजवाल्यानंही माझं ऐकून गाडी वर उचलली, चाकं हलवून पाहिली, खालचे बोल्ट आवळले आणि म्हणाला, "काका, नवे पार्ट आहेत, रुळायला वेळ लागतो." गल्लीच्या तोंडाशी पोचलो नाही तोच, टक्. मग मी स्वतःच कंबर कसली. डिकी रिकामी केली. स्टेपनी, जॅक, तुझी तुटक्या तारांची रॅकेट, सगळं बाहेर. आवाज तसाच. पुढच्या कप्प्यातले चष्म्यांचे डबे काढले, तरी तसाच. चालवणाऱ्याला एका जागी कान लावून बसता येत नाही, म्हणून मास्तरांना शेजारी बसवलं. ते बसल्यापासून उतरेपर्यंत त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर बोलत होते. उतरताना म्हणाले, "कुठंय आवाज? मला तर काहीच ऐकू आलं नाही!"

ही सगळी गंमत आई खिडकीतून बघत होती. तिचं पडदे शिवायचं मशीन तिथंच असतं ना. पायात रॉड बसवल्यापासून तिनं काय काय परत मिळवलं, ते मी तुला फोनवर सांगत आलोय. मशीनवर बसते, जिना चढते, काठी तर आता दाराआडच पडून असते. पण एक गोष्ट मी बोललो नव्हतो. अपघाताच्या त्या सकाळनंतर ती गाडीत बसलीच नव्हती. आपल्या नव्हे, कुणाच्याच नव्हे. पायाच्या व्यायामाला जायचं तरी बसनं, धो धो पावसातही. मी कधी आग्रह केला नाही. तर त्या दिवशी मास्तर घरी गेल्यावर ती खाली आली. म्हणाली, "मशीनमध्ये बॉबिन सैल बसली की अस्सा आवाज येतो. मला ऐकू द्या जरा." आणि डावं दार उघडून आत बसलीसुद्धा.

बसली खरी, पण पट्टा काही केल्या खाचेत जाईना. मी लावायला वाकलो तर म्हणाली, "राहू द्या, लावते मी." लावला. मग मुंगीच्या पावलानं आवारातच आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. नीट ऐकायला की भीतीनं, ते मी विचारलं नाही. "थांबा. निघा. थांबा. निघा." थोड्या वेळानं म्हणाली, "इथं जागा पुरत नाही, रस्त्यावर घ्या." घेतली. तिनं सरळ दाराला कान लावला. मी तिच्या हुकमानं ब्रेक दाबतोय, सोडतोय, आणि मागचे लोक हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करताहेत.

आणि एकदम माझ्या लक्षात आलं की आम्ही पोस्टाच्या चौकात आलोय. त्याच चौकात, जिथं सिग्नल तोडून तो टेम्पो तुमच्या अंगावर आला. हिच्याकडे पाहिलं, तर कान दाराला आणि भुवया आक्रसलेल्या. "अहो, जरा जोरात दाबा ना, नीट ऐकूच नाही आलं!" चौक मागे पडला. तिला कळलं होतं का, हे मी नंतर विचारलं. म्हणाली, "कळलं होतं हो. पण तेवढ्यात तो आवाज पुढच्या कोपऱ्यात गेला, मग मी त्याच्याच मागे गेले."

आवाज चाकाखाली नव्हताच, दारात होता. थांबलं की पुढे घरंगळायचा, निघालं की मागे. आम्ही तसेच गॅरेजवर गेलो. गॅरेजवाल्यानं दाराचं आतलं आवरण सोडवून हात घातला आणि बाहेर काय काढलं? नट आवळायच्या पान्याच्या टोकाला बसवतात ती लोखंडी गोटी! त्याची स्वतःचीच, दार बसवताना आत पडलेली. तीच चोरल्याच्या संशयावरून त्यानं समोरच्या टायरवाल्याशी बोलणं टाकलं होतं. बिचारा लाजून लाल झाला आणि तसाच तेलकट हातांनी टायरवाल्याला चहाला बोलवायला धावला.

परत आल्यावर तो सहज म्हणाला, "काकू, जुन्या दाराला मार सगळा मागच्या कडेला होता. मधोमध बसला असता तर कठीण होतं. चालवत कोण होतं?" आई म्हणाली, "माझी मुलगी. तिनं गाडी वळवली म्हणून कडेवर निभावलं. मी तिचे हात पाहिलेत तेव्हा, कसे झटक्यात फिरले ते. तिला वाटतं, माझा पाय तिच्यामुळं मोडला. अहो, मी जिवंत आहे ती तिच्यामुळं! पण हे मला बोलू कुठं देते ती?"

खारूताई, हे तिच्या तोंडून मीही पहिल्यांदाच ऐकलं. मी उगाच चष्मा पुसत राहिलो. तिनं माझ्यापुढं हात केला आणि किल्ली मागितली. घरापर्यंत गाडी तिनं चालवली. वाटेत एका सायकलवाल्याला खिडकीतून दरडावलंसुद्धा. म्हणजे आपली जुनी आई ठणठणीत परत आलीय, याची खात्री पटली.

आता हे सगळं आजच का लिहितोय, ते सांगतो. येत्या रविवारी आम्ही दोघं गाडीनं तुझ्याकडे येतोय. येताना आलटून पालटून आम्ही चालवू. परतताना तू चार दिवसांसाठी घरी यायचंस, आणि गाडी तू चालवायचीस. हे आईनं ठरवलंय, मी फक्त लेखनिक. ती डावीकडेच बसणार, तुझ्या शेजारी. ती जागा मलाही द्यायला तयार नाही. मी विचारलं, "पोरगी नाही म्हणाली तर?" तर म्हणते, "मग मी तिच्या दारात गाडीतच बसून राहीन, बघू किती दिवस टिकते." त्या सकाळनंतर तू स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस, हे आम्हांला माहीत आहे. घाई नाही, बाळ. आधी तुझ्या गल्लीच्या टोकापर्यंत, मग जमलं तर पुढच्या वळणापर्यंत. हात थरथरले तर थरथरू देत. आई तुला धीर द्यायला म्हणून शेजारी बसणार नाहीये. तिला तुझ्याबरोबर घरी यायचंय, एवढंच.

तुझाच,
मागच्या सीटवर पाय पसरून बसणारा
बाबा