पेन्सिलीतला खुनी

सोम., ३ नोव्हें.
वाचनालयाची खोली जाणार. सोसायटीचे सेक्रेटरी मेहता यांनी आज स्वतः सांगितलं, जिन्यातच. रविवारच्या सभेत ठराव. तिथे जिम.
पुस्तकांच्या कार्डांवर किती नावं आहेत ते दाखवलं. "भाऊ, कार्ड पे नाम है, मतलब पढ़ा थोड़ी है?"
म्हटलं, परीक्षा घेऊन दाखवतो. सगळ्यात जास्त फिरलेलं पुस्तक म्हणजे ती जुनी खुनाची रहस्यकथा. तिच्यावरच घेऊ. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी जन्मभर प्रश्नमंजुषा केल्या, एवढं तर येतं. मेहता कबूल. अट एकच : निम्म्यांना तरी खुनी कोण ते सांगता यावं. "वो भी मालूम नहीं, तो क्या पढ़ा?"

मंगळ., ४
शैलाताई नेहमीसारख्या इंद्रलोक भागातून रिक्षाने आल्या. त्यांच्या यजमानांच्या पुस्तकांवर हे वाचनालय उभं राहिलं. ते गेल्यापासून रोज दहा ते एक तिथे पुस्तकं द्यायला बसतात. ठरावाचं सांगितलं.
"मग सकाळी उठून मी जाऊ कुठे?"
परीक्षेचंही सांगितलं.
पुस्तक घरी आणलं, दहा प्रश्न काढले. शेवटचा प्रश्न, खुनी कोण. डॉक्टर, हे पक्कं आठवत होतं. पण उत्तर तपासल्याशिवाय प्रश्न सोडायचा नाही, ही जुनी सवय. शेवटचं प्रकरण वाचलं.
डॉक्टर नाही. नणंद.
मग डॉक्टर डोक्यात आला कुठून? पान ९, समासात, पेन्सिलीने : खुनी = डॉक्टर.
पुस्तकामागच्या कार्डावर माझं नाव दोनदा.

गुरु., ६
परीक्षा झाली. सव्वीस जण. कुलकर्णी : "निगेटिव्ह मार्किंग नाही ना हो?" सगळे हसले. ताईंनी स्वतः चहा आणला, थर्मासमधून. खूश होत्या.
घरी येऊन पेपर तपासले. डॉक्टर. डॉक्टर. तीन कोरे. पुन्हा डॉक्टर.
नणंद एकाच पेपरवर. कमलचा. पेणकरपाड्याची, बी विंगमध्ये पोळ्या करते. ताई स्वतःच्या नावावर तिला पुस्तकं देतात. सोसायटीत राहत नाही, म्हणजे मेहता तिला धरणारच नाहीत.

शुक्र., ७
ताईंना पान ९ आणि पेपर दाखवले. एकेक बघून उलटे ठेवत गेल्या. मग, "ते मीच लिहिलंय."
कधी?
"हे होते तेव्हा. लोक पुस्तक हातात घेण्याआधीच विचारायचे, खुनी कोण. म्हटलं, घ्या. कोणीतरी भांडायला येईल, ताई हे चुकीचं लिहिलंय म्हणून. वाट बघितली." चष्मा पुसला. "कोणीच आलं नाही."
कमल पुस्तक बदलायला आली होती, दारात उभी. तिला विचारलं, तू का नाही सांगितलंस?
"म्हाईत व्हतं, खोटं हाय. पन सांगितलं तर म्होरच्याची मजा जाईल ना."
ताई तिच्याकडे बघत राहिल्या. "तू वाचत होतीस. आणि मी आपली वाट बघत..."
निघताना मला हळूच : "डॉक्टरच बरोबर धरा ना. मेहतांना काय कळतंय?"
नाही म्हणालो नाही. हो पण...

शनि., ८
सकाळी मेहता दारात. पेपर दिले. निकाल तोंडाने सांगितला नाही.
"बुक भी दो. आन्सर मैं ख़ुद देखूंगा. मराठी पढ़ लेता हूँ, टाइम लगता है बस."
दिलं. पान ९ खोडायला रबर होतं घरात. खोडलं नाही. शेवटही दाखवला नाही.
दुपारी त्यांचा फोन. "भाऊ, डॉक्टर है ना? नौ नंबर पन्ने पे लिखा ही है. तो सब पास."
गप्प राहिलो. त्यांना तेवढं पुरलं. ताईंना फोन करायला घेतला, ठेवला.
पाच वाजता दूध आणायला उतरलो. मेहता बागेतल्या बाकावर, पुस्तक मांडीवर, ओळीखाली बोट, ओठ हलतायत. पेपरांचा गठ्ठा बाजूला, वर चपलेचं वजन.
म्हटलं, काय, झालं ना तपासून?
"वो तो हो गया. लेकिन ये डॉक्टर सीधा आदमी लग रहा है, भाऊ." मी काही बोलणार, तर हात वर केला. "नहीं, मत बताना."
कितवं पान?
"साठ."
एकूण दोनशे बारा. सभा उद्या साडेदहाला.