जोडीदार उंदराची वाटी

३ मार्च
नवे उंदीर आले. निम्म्यांना कच्च्या कडधान्याचं कडू पीठ, निम्म्यांना साधं खाणं. प्रश्न एकच — या पिठामुळे आतड्याला अन्न शोषता येईनासं होतं का? पण कडू पीठवाले मुळात खातातच कमी. मग वजन घटलं तर ते न शोषल्यामुळे, की न खाल्ल्यामुळे? म्हणून प्रत्येकाच्या शेजारच्या पिंजऱ्यात एक जोडीदार. कडूवाल्यानं काल जेवढं खाल्लं, तेवढंच साधं खाणं आज जोडीदाराला. कणभरही जास्त नाही.

५ मार्च
जोडीदार वाटी चाटूनपुसून पालथी करतो. मग मी दिसले की जाळीला नाक लावून उभा. शेजाऱ्याच्या वाटीत अर्धंअधिक तसंच.
घरी आईनं चार चमचे सूप घेतलं आणि वाटी सारली. बाबा गेल्यापासून हे असंच. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर दाखल करावं लागेल.
मीही ताट सारलं. तिच्यासमोर चावत बसायची लाज वाटते.

८ मार्च
आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "परगावच्या प्रयोगशाळेतली जागा तुझ्यासाठी धरून ठेवलीय. अशी किती दिवस धरू?"
आईला एकटी टाकून कशी जाऊ? वाट्या धूत राहिले.

११ मार्च
जेवताना आईची नजर माझ्या ताटावर असते. मी कधी उठते याची वाट बघत असेल — म्हणजे तिचीही सुटका. म्हणून लवकर उठते.

१२ मार्च
पिंजरे साफ करणारे काका म्हणाले, "ताई, तुम्हाला कुठल्या गटात घातलंय? कपडे तुमचे वाटत नाहीत." मी हसले. घरी येऊन कमरेला पिन लावली.

१५ मार्च
जोडीदाराला खाण्याची एक गोळी जास्त टाकायला हात गेला. मागे घेतला. तेवढ्यानंही सगळं वाया गेलं असतं. तो बघत होता.

१९ मार्च
ती जागा नको, असं मॅडमना सांगितलं.
"कारण?"
"आई जेवत नाही."
"तू इथे आहेस म्हणून जेवते का?"
मी जोडीदारांचं खाणं मोजायला घेतलं.

२२ मार्च
प्रयोग संपला. उंदीर संपले. आतड्यांच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. कडूवाल्यांच्या आतड्याचं अस्तर झडलेलं — ते अपेक्षितच होतं. पण जोडीदारांचंही पातळ! मॅडम म्हणाल्या, "पोटात काही पडेना की आतडंही हात आखडतं. मग समोर आलं तरी नीट घेता येत नाही."
जोडीदाराच्या वाटीत वाईट काहीच नव्हतं. शेजारी जेवत नव्हता, एवढंच.

२३ मार्च
आईचं वजन आणखी उतरलं. सोमवारी दाखल करायचं. जेवताना माझा तोल गेला. का खात नाहीस, म्हणून ओरडले.
ती शांतपणे म्हणाली, "तू दोन घासांत उठतेस. बाबा गेले तशी तुझी भूकच मेली. पोर उपाशी उठल्यावर माझ्या घशाखाली उतरेल का? तू घेतेस तेवढं बघून तेवढं कसंबसं घेते."
दोन्ही पिंजऱ्यांत जोडीदारच. कडू पीठ कुणाच्याच वाटीत नव्हतं.