हेल्मेटमधली किटली

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
कंपनीच्या गेटवर नोटीस लागली. सोमवारपासून हेल्मेटशिवाय मोटरसायकल आत नाही. बावीस वर्षं गाडी चालवतोय, एकदाही पडलो नाही. (एकदा भिंतीला टेकलो होतो. ती भिंतच पुढे होती.) डोकं माझं, गाडी माझी, मग मर्जी कुणाची? लढणार. म्हणून ही रोजनिशी.

४ फेब्रुवारी
सौ.ला तत्त्व समजावून सांगितलं. मान खाली घालून ऐकलं. पटलेलं दिसतं.

५ फेब्रुवारी
पटलेलं नव्हतं. म्हणाली, डोकं तुमचं, पण तुमच्या मागे बसायचं की नाही ही मर्जी माझी. आणि बसने कामाला गेली! बावीस वर्षं माझ्या खांद्यावर हात ठेवून बसणारी बाई. माझंच वाक्य माझ्याच गळ्यात.

९ फेब्रुवारी, सोमवार
वॉचमनने अडवलं. व्यक्तिस्वातंत्र्यावर त्याला दहा मिनिटं सुनावलं. तो म्हणाला, मागे ट्रक थांबलाय. शेवटी गाडी चौकातल्या पंक्चरवाल्याकडे लावून चालत आलो. पंधरा मिनिटं उशीर, पण तत्त्व शाबूत.

कपबशांच्या गोदामात पॅकिंग सुपरवायझर असणं म्हणजे डोक्याला ताप. आज एका पॅकरने कप एकाच कागदात गुंडाळले. वर म्हणतो, आजवर कुठे काय फुटलंय? असा संताप आला! फुटलं नाही म्हणून फुटणार नाही, हे काय लॉजिक आहे? दोन कागद, मध्ये पुठ्ठा, शंभरदा सांगितलंय. सगळे एकमेकांकडे बघून हसत होते. का, ते कळलं नाही.

१३ फेब्रुवारी
संघटना स्थापन. 'मुक्त मस्तक मंच'. पहिली सभा कँटीनमध्ये, दुपारी एकला.
दोन वाजता: तिघं आले. दोघं सायकलवाले. तिसरा अकाउंट्सचा, माझ्या भाषणभर जेवत होता. शेवटी छान बोललात म्हणाला आणि टेबलाखालून स्वतःचं हेल्मेट काढून निघून गेला.

१७ फेब्रुवारी
मुलगी आईला स्कूटर शिकवतेय, बिल्डिंगसमोरच्या मोकळ्या जागेत. गॅलरीतून मी चार सूचना केल्या. दोघींनी हेल्मेटमधून ऐकू येत नसल्याची खूण केली. बरोबर त्याच वेळी ऐकू येत नाही!

२० फेब्रुवारी
खरं लिहितो, वाचणारं कोण आहे? परत येताना दोन सिग्नलपर्यंत मी बोलत होतो. मग लक्षात आलं, मागे कुणी नाही. घरी येऊन मागची सीट पुसली. धूळ बसली होती. फार चिडचिड होते.

२३ फेब्रुवारी
तोडगा काढला. हेल्मेट घेतलं, पण रस्ताभर ते कोपराला. गेटपाशी दहा पावलं डोक्यात. नियम खूश, मी स्वतंत्र. सौ.ला सांगितलं. तिने बसचा पास काढलाय.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
उद्या लग्नाचा वाढदिवस. सौ.साठी किटली घेतली. पांढरी, निळ्या काठाची, गोदामातली सगळ्यात नाजूक. ही बघून ती मागच्या सीटवर परत येणार, नक्की. पॅकिंग जातीने केलं. तोटीला वेगळा कागद, दांडीला पुठ्ठा. मापाचं खोकं मिळेना. मग सुचलं, हेल्मेट! बाहेरून टणक, आतून मऊ. किटली आत अशी बसली की हलेना. मागच्या सीटला दोरीने करकचून बांधली. इतका सुरक्षित माल मी आजवर पाठवला नाही. निघतो.

२८ फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितोय. वळणावर खडी होती. कपाळाला सात टाके, उजवं मनगट मुरगळलं. किटलीला ओरखडाही नाही. हे मी टाके घालणाऱ्या डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, हलू नका.

घरी सौ.ने हेल्मेटमधून किटली काढली. एकेक कागद, पुठ्ठा, पुन्हा कागद. किटली टेबलावर ठेवली. किटलीकडे बघितलं, मग माझ्या टाक्यांकडे. मला वाटलं, आवडली. तर ती रडायलाच लागली. एवढं जपता येतं ना तुम्हाला, म्हणाली. मी डाव्या हाताने एकेक कागद घडी करून ठेवत बसलो. इंजेक्शनचा परिणाम असावा.

९ मार्च
कामावर हजर. मनगट अजून धड नाही, म्हणून सौ. स्कूटरवर सोडते. मागे मी. हेल्मेट घातलं, स्वेच्छेने. (घातल्याशिवाय ती स्कूटर सुरू करत नाही.) पट्टाही तिनेच ओढून लावला. खांद्यावर हात ठेवू का विचारलं. ठेवा म्हणाली.

सिग्नलला मागचे लोक माझ्याकडे बघून हसत होते. माझ्या निर्णयाचं कौतुक असणार. वॉचमनने सलाम ठोकला. पट्टा एका हाताने सुटेना, म्हणून हेल्मेटसकटच गोदामात गेलो. पॅकर लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब केबिनमधून बाहेर आले, मागून एक फेरी मारून बघून गेले. एवढा मान बावीस वर्षांत मिळाला नव्हता.

१०.३० वाजता: हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. मागच्या बाजूला आमच्याच गोदामाचं लाल लेबल. घरी माझ्या कपाटात गठ्ठा पडलेला असतो, त्यातलं. 'नाजूक माल. जपून हाताळा. ही बाजू वर.' बाणसुद्धा बरोबर वर.

नखाने खरवडून बघितलं. चारही कोपरे नीट दाबून लावलेत, माझ्या पॅकर लोकांना जमत नाही इतके. निघेना.

पाचला ती न्यायला येणार आहे. असू दे तोवर.