कॅप्टनचं 'अहो'

बाबा,

तुमच्या जर्मन कॅप्टनचा पत्ता लागला. तुम्ही असतात तर आधी चहा टाकायला लावला असता, मग सावरून बसला असतात आणि म्हणाला असतात, "हं, सांगा." मला, पोटच्या पोराला, "सांगा"! बाप मुलाला अहो-जाहो करतो हे वेड अख्ख्या चाळीत दुसऱ्या कोणाला नव्हतं. आई वैतागायची, "आला यांच्यातला जर्मन."

ती गोष्ट मला तोंडपाठ आहे. तुम्ही इंग्रजांच्या फौजेत ट्रक चालवत होतात आणि आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मनांच्या हाती सापडलात. कैदी उन्हात उभे आहेत, तुम्हाला भोवळ येतेय, आणि कमरेला पिस्तूल लावलेला एक तरुण कॅप्टन पाण्याची बाटली पुढे करून काहीतरी म्हणतो. दुभाष्या सांगतो, "बैठने को बोल रहे हैं." मरणाच्या दारात उभे असूनही तुम्ही विचारता, "बैठ बोले, या बैठिए?" दुभाष्या हसतो. "बैठिए. 'झी' बोले हैं साहब, मतलब आप." गावात माझ्या आजोबांना, पिकल्या केसांच्या माणसाला, पाटलाचं शेंबडं पोरही "ए, सरक तिकडं" म्हणायचं. महारवाड्यातल्या माणसाला अहो म्हणायची कोणाची जीभ वळत नव्हती. फौजेतला गोरा साहेब तुम्हाला 'बॉय' म्हणायचा. आयुष्यातलं पहिलं अहो तुम्हाला मिळालं ते शत्रूकडून.

तिथून परत आल्यावर तुम्ही कोणालाच सोडलं नाहीत. भाजीवाली, कंडक्टर, संडास झाडायला येणारा माणूस, सगळे अहो. एकदा हॉटेलात मी वेटरला "ए, पाणी आण" म्हणालो. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "उठा. त्यांची माफी मागा आणि पाणी तुम्ही आणा." भरल्या हॉटेलात मी त्या माणसासाठी ग्लास भरून आणला, आणि तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त लाजला. मला तुमचा फार राग आला होता. पण पुढे जहाजावर इंजिनरूममध्ये हाताखाली माणसं आली, तेव्हा मी त्यांच्याशी तुमच्यासारखाच बोलत होतो.

आता जहाजावरची नोकरी संपली. इथे परदेशात, क्लेमेंटीतल्या फ्लॅटमध्ये मी एकटाच आहे, म्हणून एक खोली युनिव्हर्सिटीतल्या जर्मन मुलीला भाड्याने दिलीय. ती त्याच युद्धाचा अभ्यास करते. मी मोठ्या हौसेनं तिला कॅप्टनचं नाव सांगितलं. दुभाष्याकडून विचारून घेतलेलं ते नाव तुम्ही माझ्याकडून शुभंकरोतीसारखं घोकून घेतलं होतंत! म्हटलं, त्याची नातवंडं सापडली तर आपल्या घरातर्फे आभार मानू.

गेल्या रविवारी मी पोहे परतत होतो. ती ओट्यापाशी येऊन म्हणाली, "अंकल, आधी बसा." मी म्हटलं, तू बोल गं, माझे हात चालू आहेत. कॅप्टन एका शाळामास्तरांचा मुलगा होता, म्हणाली. फ्रान्सच्या लढाईत पदक, वाळवंटात कॅप्टन, जखमी झाल्यावर मेजर करून इटलीत पाठवला, डोंगरातल्या बंडखोरांवर. तिथल्या एका गावात बंडखोर सापडले नाहीत, तेव्हा त्यानं गावातलीच माणसं भिंतीपाशी उभी केली. म्हातारी, बायका, सगळी. युद्धानंतर त्याला कोणी हात लावला नाही. पेन्शन खाऊन अंथरुणात मेला.

आणि मी काय विचारावं? "पण तो माझ्या वडिलांना झी म्हणाला होता."

"अंकल, अनोळखी मोठ्या माणसाला आम्ही झीच म्हणतो. जिभेची सवय असते ती."

"कैद्याला? काळ्या माणसालाही?"

ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "त्या गावातली एक बाई वाचली होती. तिला थोडं जर्मन यायचं. तिनं पुढे चौकशीत सांगितलं, अधिकारी फार सभ्य होता. भिंतीकडे नेतानाही सगळ्यांना झी म्हणत होता."

पोहे करपले. ती पोरगी "सॉरी अंकल, सॉरी" करत रडायला लागली, जणू तिनंच गोळ्या झाडल्या होत्या. मी तिला पाणी दिलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

बाटलीतलं पाणी तर खरं होतं ना, बाबा? होतं. तेच तर गिळवत नाही. त्या पाण्यानं तुम्ही वाचलात, म्हणून मी आहे. कॅप्टनचा मला संताप येतो, पण खरं सांगू, त्याहून जास्त आपल्या गावाचा येतो. गावानं एकदा, नुसतं एकदा तुम्हाला "बसा" म्हटलं असतं, तर तो शब्द तुम्हाला एका खुन्याच्या तोंडून घ्यावा लागला नसता. त्याच्या तोंडात तो पोकळ होता. तुम्ही तो उचललात आणि जन्मभर खरा करून लोकांना वाटलात. असं मी स्वतःला समजावतो. दिवसा पटतं, एकटा जेवायला बसलो की पटत नाही.

हे मी तुमच्या फोटोपुढे वाचणार नाही, तिथे ठेवणारही नाही. तुम्ही गेल्यापासून घरात काहीही घडलं, मला प्रमोशन मिळालं, नातवंड झालं, तरी मला एकच वाटायचं, आज बाबा हवे होते. त्या रविवारी करपलेली कढई घासताना पहिल्यांदाच मनात आलं, बरं झालं, तुम्ही नाही आहात.